समोरच्या घरचं पाणी

“आत्या, तिथून नको. ती भिंत आहे.”

चंपूआत्या एक पाय उचलून तशीच थांबली. तिच्या पुढ्यात भिंत नव्हती. तडकलेला गाळ होता, थोडे शिंपले होते आणि वाळक्या पाणवेलीत अडकलेला कुणाच्या तरी जाळ्याचा तुकडा होता. भिंतीच्या जागी दगडांची एक ओळ होती, तीही घोट्याएवढी.

“ही भिंत?”

“हो. दार तिकडे आहे.”

“शैले, मी सत्तरी ओलांडली आणि तू मला हा दगड ओलांडू देत नाहीस होय?”

“रीत आहे. सगळे दारातून जातात.”

तिनं आजूबाजूला पाहिलं. खरंच सगळे दारातून जात होते. एक बाई दोन्ही हातांत भांडी घेऊन अख्ख्या जोत्याला वळसा घालत होती. पलीकडे एक उंच गृहस्थ जिथे कधीकाळी चौकट होती तिथे मान वाकवून आत शिरले. वर नुसतं आभाळ होतं.

“सगळं गाव खुळं झालंय,” असं म्हणून आत्या मागे फिरली, वळसा घालून आली, दाराच्या जागी थांबली, पदर सारखा केला आणि उजवा पाय आधी टाकून घरात आली.

आमचं जुनं करंजठाण पाण्याखाली असतं. धरण झालं तेव्हा गाव उठून वर माळावर गेलं आणि हमरस्त्याच्या कडेला नवं करंजठाण वसलं. पाऊस लागोपाठ दोन वर्षं दगा देतो तेव्हा धरणाचं पाणी मागे सरकायला लागतं. वैशाखाच्या सुमारास आधी मारुतीच्या देवळाचा चौथरा वर येतो, मग चावडी आणि मग घरांची जोती. पंचक्रोशीत आम्हांला नावं ठेवतात. दुष्काळात हसणारं गाव, असं म्हणतात. त्यांचंही चुकत नाही. टँकरच्या रांगेत आमची माणसं तोंड पाडून उभी असतात, पण हळूच एकमेकांना विचारतात, चावडी दिसायला लागली का?

चावडी दिसली की एक दिवस ठरतो. सगळे खाली उतरतात. जो तो आपलं जोतं झाडतो, उंबऱ्यापाशी रांगोळी काढतो, तीन दगडांची चूल मांडतो आणि स्वतःच्या घरात बसून जेवतो. याला जोत्याचं जेवण म्हणतात. कुणाकडे जायचं असेल तर दाराबाहेर उभं राहून ‘आहे का कुणी घरात?’ असं विचारायचं. आतल्यांना तुम्ही मघापासून दिसत असलात तरी त्यांनी ‘या, या, कोण आलंय?’ असंच म्हणायचं. आणि मधल्या काळात ज्या घरचं माणूस गेलं असेल, त्या घरानं चुलीवरचं पहिलं ताट समोरच्या घरी द्यायचं. समोरच्यानं घास घेतल्याशिवाय इतरांनी जेवायचं नाही.

त्या वर्षी आमच्या घरचं माणूस गेलं होतं. माघात आबा गेले.

आणि आमच्या समोरचं घर किसननाना गलांड्यांचं होतं. आबा आणि नाना एकमेकांशी बोलत नसत.

भांडण त्यांचं नव्हतं, त्यांच्या वडलांचं होतं. माझ्या आजोबांनी, म्हणजे बोराट्यांनी, हौसेनं घरावर पत्रे घातले आणि पत्र्यांना पन्हळ लावली. पन्हळीचं पाणी गल्लीत पडायचं आणि उतारानं समोरच्या गलांड्यांच्या अंगणात जायचं. गलांडे म्हणाले, तुमचं पाणी आमच्या दारात येतंय. आजोबा म्हणाले, पाणी आभाळाचं आहे, आमचं नाही. दावा तालुक्याच्या कोर्टात गेला, दोन्ही घरांतली पोरंटोरं एकमेकांशी बोलेनाशी झाली, आणि निकाल लागायच्या आत धरणाचं पाणी दोन्ही घरांच्या आढ्यावरून गेलं. हा विनोद गावानं इतक्या वेळा सांगितला होता की त्यावर आता कुणी हसत नसे. दोघांचे वडील गेले, दावा बारगळला, पण अबोला राहिला. बोलायला सुरुवात कुणी करायची, एवढंच उरलं होतं.

सकाळी आम्ही वरून उतरलो तेव्हा नाना आधीच येऊन बसले होते. पांढरी टोपी, गुडघ्यावर काठी, शेजारी चूल फुंकणारी त्यांची सून रंजना. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली, पण नजर माझ्या हातातल्या पहारीवर होती. पहार मी चावडीपाशी कुणाकडून तरी मागून आणली होती.

पहारीचं कारण माझ्या पिशवीत होतं. आबांची पितळी डबी. एसटी स्टँडवर कंट्रोलर होते तेव्हापासून ती त्यांच्या खिशात असायची, आत सुपारी. सावडायच्या दिवशी मी त्यांच्या राखेतलं थोडंसं या डबीत वेगळं काढून ठेवलं होतं, कारण त्यांनीच तसं सांगितलं होतं. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी, उशाला टेकून बसलेले असताना, ते अगदी गाडीची वेळ सांगावी तशा आवाजात म्हणाले, “पाणी उतरलं तर मला घरी सोड. उंबऱ्याखाली.”

मी हो म्हटलं.

“आणि चंपूला ने बरोबर.”

“आत्याचे गुडघे—”

“ने. आधी तिला घर झाडू दे, मग काय ते खोद.”

एवढंच. नंतर त्यांनी चहा मागितला.

मी पुण्याला कॉलेजात शिकवत होते. आबा गेल्यावर रोजच्यासारखी वाचत होते, पण पान उलटलं की मागचं काही राहत नव्हतं. एक पुस्तक तर दोनदा संपवलं आणि तिसऱ्यांदा नवं समजून उघडलं. पाणी किती उतरलं याच्या बातम्या मात्र ध्यानात राहायच्या. वैशाख लागला आणि रंजनाचा फोन आला, तेव्हा मी पहिल्यांदा कुठेतरी जायचं म्हणून पटकन उठले. नाना फोन करणार नव्हते, पण त्यांची सून करायची. अबोला पुरुषांचा होता, फोन नंबर बायकांकडे होते.

आत्या पहिल्यांदाच आली होती. गाव पाण्याखाली गेल्यापासून तिनं इथे पाय ठेवला नव्हता, आणि हा सगळा दोष ती आबांना देत होती.

“दर वेळी काहीतरी निमित्त,” खराट्यानं गाळाचे पापुद्रे लोटत ती म्हणत होती. “एकदा म्हणाला, गाळात पाय रुततील. एकदा म्हणाला, ऊन सोसणार नाही. आणि एकदा तर जाऊन परत आल्यावर फोन केला, की अगं, पाणी उतरलं होतं. सख्खा भाऊ. अख्ख्या जिल्ह्याला गाड्यांत बसवून दिलं आणि बहिणीला माहेरी आणायला ह्याला गाडी सापडेना.”

मी हसले. बऱ्याच दिवसांनी आवाज करून हसले असेन, कारण समोरून रंजनानं वर पाहिलं.

हे घर मला ठाऊक होतं ते असंच, आभाळाखालचं. मी शाळेत असताना पहिल्यांदा इथे आले. आबा चटई पसरून मधोमध बसायचे आणि जेवताना सगळीकडे बघत राहायचे. जेवण झालं की उठून मागच्या कोपऱ्यात जायचे आणि तिथे गुळाचा एक खडा ठेवायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, मुंग्यांना. मला ते पटलं. आबा मुंग्यांनाही गूळ घालतील असेच होते.

ऊन चढत होतं. आत्या झाडते आहे तोवर उंबऱ्याचा दगड सैल करून ठेवावा म्हणून मी पहार घेतली. दगड लांबट होता, मधोमध झिजलेला. पहार त्याच्या खाली घातली, तेवढ्यात समोरून नाना खाकरले.

मी थांबले. वर पाहिलं. ते दुसरीकडे बघत होते.

पुन्हा जोर लावला. ते पुन्हा खाकरले, या वेळी जरा लांबवून. रंजना म्हणाली, “पाणी देऊ का मामंजी?” ते नको म्हणाले. मी तिसऱ्यांदा पहार उचलली तर काठी आपटल्याचा आवाज आला.

माझ्या कपाळाची शीर ताठली. माणूस गेलेलं आहे, मुलगी उंबऱ्याशी बसली आहे, आणि यांचं अजून संपत नाही. आणि पहिलं ताट यांनाच द्यायचं होतं. आता तर मनात आलं की रीत गेली खड्ड्यात, ताट मारुतीपुढे ठेवीन.

“शैले,” आत्या आतून म्हणाली, “माझं उखळ कुठंय?”

“कसलं उखळ?”

“चुलीपाशी जमिनीत पुरलेलं. दगडी. सगळा कोपरा झाडला, इथं नुसती फरशी आहे.”

“वाहून गेलं असेल.”

“जमिनीतलं उखळ वाहून जातं होय? कॉलेजात शिकवतेस ना तू?” ती खराटा टाकून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “त्याचा काठ फुटलाय. मी फोडलाय, मुसळ आपटून. त्याच्यापायी आईचा मारही खाल्लाय. हे असं जाणार कुठं?”

तिनं खाली पाहिलं, मग चहूकडे, मग बराच वेळ लांब, जिथे पाणी उन्हात पांढरं दिसत होतं आणि त्याच्या कडेला रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ होती तिकडे. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी बदललं. ती दारातून बाहेर गेली. वेळ किती का लागेना, दारातूनच गेली. गल्लीनं उताराकडे चालायला लागली. मी पहार ठेवून तिच्या मागे गेले.

गल्लीच्या पार टोकाला, जिथून पुढे नुसता उतार होता, तिथे जाऊन ती वळली. नदीकडे पाठ केली.

“आम्ही इकडनं यायचो,” ती म्हणाली. “नदीवरनं. सगळं गाव नदीवरनंच यायचं. तो वरचा रस्ता तेव्हा कुठं होता? वर तर माळ होता. कोल्ह्यांचा.”

मग तिनं उजवा हात डोक्याशी नेला, घागर धरल्यासारखा, आणि चालायला लागली. पाय तिचे दुखत होते, पण आता तसं वाटत नव्हतं. “हे सुताराचं,” ती म्हणाली. “हे भिवामावशीचं. इथं बोर होती.” एका ठिकाणी ती उगाच बाजूला झाली. मी विचारलं काय. “उकिरडा,” ती म्हणाली.

नंतर, बघण्याची गरज नसल्यासारखी, ती डावीकडे वळली.

समोर नाना बसले होते.

मला वाटतं, मला तेव्हाच कळलं, पण डोक्यात शब्द यायला वेळ लागला. नदीकडून येताना डावीकडे. आम्ही वरून, नव्या गावातून उतरायचो आणि डावीकडे वळायचो. पहिल्या दुष्काळात आबा वरून उतरले तेव्हा सगळीकडे गाळाचा जाड थर होता, दोन्ही जोती सारखी होती, एकाच गवंड्यानं बांधलेली. आबा लहानपणापासून डावीकडे वळत आले होते. ते डावीकडे वळले. स्टँडवर उभं राहून जन्मभर लोकांना त्यांची गाडी कुठल्या बाजूला लागली आहे ते सांगणारा माणूस सरळ गलांड्यांच्या घरात जाऊन बसला होता.

आत्या दाराच्या जागी थांबली. धाप लागली होती तरी तिनं नीट विचारलं, “आहे का कुणी घरात?”

नाना काठीवर जोर देऊन उभे राहिले.

“ये चंपे,” ते म्हणाले. “घर तुझंच हाय. लई उशीर केलास.”

ती आत गेली. चुलीच्या शेजारी जमिनीत उखळ होतं, घासून लख्ख केलेलं, एका बाजूनं काठ फुटलेलं. त्यात रंजनानं नुकताच कांडलेला मिरचीचा ठेचा होता.

आत्या खाली बसली आणि फुटलेल्या काठावरून बोट फिरवलं. मग तेच बोट ठेच्यात बुडवून चाटलं.

“मीठ कमी आहे,” ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले. ठेचा तिखट होता, असं ती नंतर सांगत असे.

सगळ्यांत जास्त गोंधळली होती रंजना. “म्हणजे हे आपलं घर नाही?” ती नानांना म्हणाली. “मी लग्न होऊन आल्यापासून इथं सारवते आहे. मला कुणी सांगितलंच नाही.”

“इचारलंस कधी?” नाना म्हणाले.

मी दाराबाहेरच उभी होते. नानांनी मला आत बोलावलं आणि मी त्यांच्यासमोर, माझ्या आजोबांच्या घरात, पाहुण्यासारखी बसले. मग ते सांगायला लागले. पहिल्या खेपेला ते उशिरा आले होते. उतरून बघतात तर आबा त्यांच्या घरात चटई टाकून बसलेले, शेजारी माझी आई, आणि मी शिंपले वेचते आहे. आबांच्या तोंडावर असा आनंद होता की नाना गल्लीतच थांबले.

“तुम्ही सांगायचं ना,” मी म्हटलं.

“कसं सांगायचं? बोलणं बंद व्हतं. इतक्या वर्षांनी बोलायचं, आणि पयला शब्द काय बोलायचा? ऊठ?” त्यांनी मान हलवली. “म्हटलं, बसू दे. इकडं जागा रिकामी व्हती, म्या इकडं बसलो.”

“आणि आबांना कधीच कळलं नाही?”

“दुसऱ्या खेपेला कळलं. गाळ कमी व्हता. मी बघत व्हतो. गल्लीत उभा ऱ्हायला, नदीकडं बघितलं, मग माझ्याकडं. तोंड हे एवढं झालं. मला वाटलं, आता येतोय.” नानांनी गल्लीकडे हात केला. “न्हाई आला. परत जाऊन तिथंच बसला. त्यानं तरी येऊन काय म्हणावं? ऊठ?”

आत्याला हसू आवरेना. तोंडाला पदर लावून ती गदागदा हलत होती. मग रंजना हसली, आणि मग मी. नाना आधी रागावल्यासारखे दिसले, पण त्यांच्याही मिशा हलायला लागल्या.

“गल्लीला ठाऊक होतं?” मी विचारलं.

“गल्लीला सगळं ठाऊक असतं. आमचं दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं व्हतं, ते मोडायचं कुणी?”

हसणं ओसरल्यावर मला अंगणात तुळशीचा ओटा दिसला. दगड नीट रचलेले, वर ओली माती, मातीत तुळशीचं हातभर रोप. पाण्याखालून आलेल्या गावात ते रोप कुणीतरी वरून आणूनच लावलेलं असणार. मी तिकडे बघते आहे हे नानांनी पाहिलं.

“तुझ्या आजीची तुळस,” ते म्हणाले. “दर खेपेला घिऊन येतो. म्हातारी लई जपायची.” मग जराशानं, डोळे काठीवर ठेवून त्यांनी विचारलं, “सोपान त्या कोपऱ्यात गूळ ठेवायचा. ठेवायचा का न्हाई? मला हितनं दिसायचं.”

“हो,” मी म्हटलं. “मुंग्यांना.”

“मुंग्यांना न्हवं. माझी आई बसायची तिथं, गोधडी शिवत. जेवण झालं की तिला गुळाचा खडा लागायचा. आम्ही दोघं पोरं दोन्हीकडं जेवायचो तवा, भांडणाच्या आधी. ती अर्धा खडा मला द्यायची, अर्धा त्याला.”

चुलीवर पिठलं रटरटत होतं. मला आबा उशाला टेकून बसलेले दिसले, चहाची वाट बघत. आधी तिला घर झाडू दे, मग काय ते खोद. इतकी वर्षं ज्या बहिणीला त्यांनी इथे येऊ दिलं नव्हतं, तिला मुद्दाम खराटा देऊन पाठवलं होतं. ती झाडणार, उखळ शोधणार आणि गप्प बसणार नाही, याची त्यांना खात्री होती. स्वतः जे बोलता आलं नाही त्याची गाडी त्यांनी बरोबर लावून दिली होती. आणि मी घाईघाईत भलत्याच उंबऱ्याला पहार लावली होती. म्हणूनच नाना खाकरत होते.

पहार नानांनीच आणली. मी नको म्हटलं तरी दगडाला हातही त्यांनीच लावला. आमच्या उंबऱ्याखालची माती काळी होती आणि आतून अजून ओली. मी डबी उघडून तिच्यातलं मातीत सोडलं. थोडा सुपारीचा वास आला. आत्या शेजारी बसली होती. ती खाली वाकून, जवळच्या माणसाला सांगावं तसं म्हणाली, “सोपान, आलास बाबा. आता ऊठ म्हणणारं कुणी नाही.”

दगड परत बसला. मी त्यावरची माती हातानं सारखी केली. डबी रिकामी झाली होती, ती पिशवीत ठेवली. मला वाटलं होतं या वेळी मी रडेन. पण नाना दगड नीट बसला का ते बघायला त्यावर उभे राहून दोनदा हलून बघत होते, आणि रडायला जमलं नाही.

खरी अडचण पुढे होती, ती रंजनाच्या ध्यानात आली. “मग आता पहिलं ताट कुणी कुणाला द्यायचं? यांच्या घरी आपण बसलोय. म्हणजे यांच्या चुलीवरचं ताट आपण वाढायचं, ते समोर आपल्या घरी द्यायचं, आणि तिथं या दोघी बसल्यात.”

चौघांनी विचार केला. आत्या म्हणाली, कुणीही कुणाला द्या, मला भूक लागली आहे. नाना उठले. त्यांनी टोपी झटकली, काठी घेतली आणि दारातून बाहेर पडून गल्लीत जाऊन उभे राहिले. मला कळलं. मी धावतच गल्ली ओलांडली. पण दारातूनच आत गेले. चटई झटकून मधोमध पसरली. आत्या मागून पिठलं-भाकरी घेऊन आली.

नाना स्वतःच्या दाराबाहेर उभे होते. धरणाआधी ते या दारातून शेवटचे बाहेर पडले होते, त्यानंतर आत आलेच नव्हते. समोर बसून नुसतं बघत आले होते. त्यांनी चपला काढल्या, घसा साफ केला. मघासारखा नव्हे, हळू.

“आहे का कुणी घरात?”

मी त्यांना मघापासून बघत होते.

“या, या,” मी म्हटलं. “कोण आलंय?”

“किसन हाय,” ते म्हणाले. “समोरचा.”

चौकट होती तिथे त्यांनी मान वाकवली आणि आत आले. मी चटई दाखवली, पण ते चटईवर बसले नाहीत. मागच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला पाठ लावल्यासारखे बसले. भिंत नव्हती, तरी त्यांची पाठ टेकल्यासारखी दिसत होती. मी ताट तिथे नेऊन ठेवलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, तोंडात घातला आणि मान हलवली. मग आम्ही सगळे जेवलो.

जेवण झाल्यावर मी पिशवीतून गूळ काढला. सवयीनं आणला होता. नानांच्या हातावर खडा ठेवला तर त्यांनी तो दाढेखाली धरून फोडला आणि अर्धा माझ्यापुढे केला.

“त्याचा,” ते म्हणाले.

मी खाल्ला.

दुपार कलली. वाऱ्यावर पाण्याचा वास यायला लागला होता. आत्या चटईवर आडवी झाली होती, पाय दारापर्यंत लांब करून. रंजना समोर भांडी घासत होती. तिनं कळशीतलं उरलेलं पाणी एकदम ओतलं. ते गल्लीत उतरलं, जुन्या उतारानं वाट काढत आलं आणि थेट आत्याच्या पायांखाली शिरलं.

आत्या ताडकन उठून बसली.

“अगं ए,” ती ओरडली, “तुमचं पाणी आमच्या दारात येतंय!”

नाना कोपऱ्यात डोळे मिटून बसले होते. त्यांनी डोळे उघडले. आत्याकडे पाहिलं, ओल्या लुगड्याकडे पाहिलं, समोरून आलेल्या पाण्याच्या ओघळाकडे पाहिलं.

“आमचा बाप,” ते सावकाश म्हणाले, “कोर्टात ह्येच सांगत व्हता.”

त्यानंतर एकदा पाणी उतरलं. तेव्हाही आम्ही गलांड्यांच्या घरात बसलो आणि ते आमच्या. रंजनानं उखळात ठेचा कांडला होता, मीठ बरोबर होतं. घरं बदलून घेऊ असं कुणी म्हणालं नाही, नानाही नाही.

आबा गेले त्या वर्षी पाऊस मात्र चांगला झाला. श्रावणात आत्याचा फोन आला. ती मुद्दाम नव्या गावी गेली होती आणि नाना तिला धरण दाखवायला हमरस्त्यापर्यंत आले होते. मी विचारलं, किती आलंय पाणी?

“सगळं गेलं खाली,” ती खुशीत म्हणाली. “चावडी गेली, मारुती गेला, दोन्ही घरं गेली.”

“आणि नाना काय म्हणाले?”

“काय म्हणणार? उभा राहून बघत होता. मग म्हणाला, चंपे, एवढं पाणी आमच्या दारात सोडलंत, आता दावा कुणावर लावू?”